थेंबाचा ल

अहमदपुरात मला अजून आर्टिस्टबाई म्हणतात. म्हणू द्या. पण हे नाव मला कसं पडलं ते जो तो आपला मीठमसाला लावून सांगतो, म्हणून म्हटलं एकदा आपणच सांगून टाकावं. मी सिंधु. माहेर लोह्याचं, नांदेड जिल्हा. शाळा सातवीपर्यंत. लग्नाआधी मी रंगाचा ब्रश हातात धरला न्हवता. हातात असायचा तो सारवायचा बोळा.

रंग होता आमच्या ह्यांच्या हातात. ह्यांचं नाव किशनराव. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालेले, मॅट्रिकनंतर नांदेडला एका पेंटरच्या हाताखाली राहिलेले. दुकानाच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, लग्नपत्रिकेवरची चित्रं, सगळं करायचे. लग्न झाल्यावर मला मुद्दाम नांदेडला नेलं आणि वजिराबादेत एका कापडाच्या दुकानासमोर उभं केलं. म्हणाले, "वाच." मी वाचलं. "कसं हाय?" मला काय कळतंय त्यातलं! "चांगलं हाय की," म्हटलं. भर रस्त्यात हा माणूस असा हसला, असा हसला, की दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. तसं हसणं मी पुन्हा बघितलं न्हाई.

कारण ह्यांनी रंगवलेली ती पाटी जुनी होती. आमच्या लग्नाच्या आधीच बहात्तरचा दुष्काळ येऊन गेला होता. प्यायला पाणी न्हाई तिथं पाट्या कोण रंगवून घेतो? नांदेडच्या पेंटरनं दुकान आवरलं आणि हे गावाकडं आले. माझ्या सासूबाई, सरजाबाई, तवा अहमदपूरजवळ तळ्याच्या कामावर खडी फोडत होत्या. कामावर वाटायची ती सुकडी खाऊन दिवस काढले त्या बाईनं. तिथल्या ऑफिसात चांगल्या अक्षराचा माणूस पाहिजे म्हणून त्यांच्या कानावर आलं. हातातला हातोडा टाकून थेट साहेबापुढं जाऊन उभ्या राहिल्या, "माझ्या लेकाचं अक्षर बघा." स्वतःला अक्षर वाचता येत न्हाई, पण लेकाचं चांगलं हाय हे पक्कं ठाऊक. अशी लागली नोकरी. ट्रेसरची. सरकारी.

ट्रेसर म्हणजे काय, तर इंजिनिअरनं पेन्सिलीनं नकाशा काढायचा, त्यावर आरपार दिसणारं कापड अंथरायचं, आणि खालच्या रेघेवरून शाईची रेघ मारायची. आपल्या मनाची एक रेघ मारली तर नकाशा बाद. हे म्हणायचे, "सिंधु, मला दुसऱ्याच्या रेघेवर चालायचा पगार मिळतो." मला वाटायचं, मिळतो ना, मंग झालं तर. लोक उन्हात मरून राहिले आणि ह्यांना पंख्याखालची खुर्ची टोचून राहिली!

सासूबाईंना तर त्या खुर्चीचं किती कौतुक. आमच्या वस्तीत सरकारी खुर्चीवर बसणारा हा पहिला. विहारात वंदनेला गेल्या तरी दोन बायांना सांगून यायच्या, "मी खडी फोडली, माझ्या लेकानं तळ्याचा नकाशा काढला." एकदा ऑफिसात जाऊन खुर्चीला हात लावून आल्या होत्या. त्या दिवशी ह्यांना जेवण गेलं न्हाई. मी इचारलं तर म्हणाले, "पोट भरल्यागत झालंय."

नकाशावर ह्यांना आपलं म्हणून एकच काही करता यायचं, ते म्हणजे नाव लिहायचं. 'पाझर तलाव' अमुक गाव. त्यातल्या 'तलाव'मधला ल हे आपल्या पद्धतीनं काढायचे. ल ची डावी शेपटी आत वळवायची आणि टोकाला एक बारीक थेंब ठेवायचा. दुष्काळात पहिलाच नकाशा काढला तवा सुरू केलं होतं ते. साहेबानं इचारलं, हे काय? तर म्हणाले, "तळ्यात न्हाई तर न्हाई साहेब, अक्षरात तरी थेंब असू द्या." सगळं ऑफिस हसलं आणि तो थेंब राहिला तसाच. पुढं ऑफिस अहमदपुरात आलं, साहेब बदलत गेले, थेंब काही बदलला न्हाई.

आता पाट्यांचं सांगते. पाऊसपाणी बरं झालं, बाजारात दुकानं वाढली आणि ह्यांचा हात शिवशिवायला लागला. एका टेलरनं धरलं, "किशनराव, एवढी पाटी लिहून द्या." दिली. मंग चहाचं हॉटेल, मंग सायकलचं दुकान, मंग पत्रिका. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी सकाळी अंगणात पत्रे मांडलेले. रंगाच्या वासानं पोरं शिंकून बेजार. मला बी बसवलं कामाला. हे पेन्सिलीनं अक्षराची कड काढून द्यायचे, आतलं पोट मी रंगानं भरायची. भरून भरून बोटांना अक्षराची वळणं पाठ झाली. रविवारी हा माणूस गुणगुणायचा. सोमवारी सकाळी शर्ट घालताना बघा, खांदे असे पडायचे की शर्ट एक माप मोठा वाटायचा.

पण अडचण एक. सरकारी माणसाला दुसरा धंदा चालत न्हाई. आणि पाटीच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव न्हाई पडलं तर पुढचं गिऱ्हाईक येणार कुठून? एका रविवारी बघते तर हॉटेलच्या पाटीवर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'सिंधु आर्ट्स'.

"अहो, हे काय केलंत? मला साधी रांगोळी न्हाई येत!"

"बायकोनं धंदा केलेला चालतो," हे म्हणाले. "माझं नाव टाकता येत न्हाई, मंग तुझं तर टाकू दे."

झालं! हापशावर गेले की बाया सुरू, "काय वो आर्टिस्टबाई, आमच्या घागरीवर नाव टाका की." मी बी सोडत न्हवते. "आधी घागर घासून आण गं, मंग टाकते," म्हणायची. सासूबाई मात्र रविवारी अंगणात फिरकायच्या न्हाईत. त्यांना त्या रंगाची धास्ती होती. रंगापायी खुर्ची जाईल, हे एकच त्यांच्या डोक्यात. पाट्यांवर हे तो थेंबाचा ल कधी काढायचे न्हाईत. हॉटेल, सायकल, मेडिकल, सगळीकडं साधा ल. ऑफिसातल्यांनी ओळखू नये म्हणून.

मंग ब्याऐंशी साल आलं आणि उस्मानाबादेतून निघून आमचा लातूर जिल्हा झाला. गावात फटाके, पेढे. आणि दुसऱ्या दिवशीपासून आमच्या दारात रांग. कारण गावातल्या पाटी-पाटीवर खाली लिहिलेलं, जि. उस्मानाबाद! ते पुसून जि. लातूर करायचं. दुकानं, सोसायट्या, दवाखाने, सगळ्यांना घाई. मला वाटलं आता बरे दिवस आले.

पहिली पाटी मन्मथशेठची, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाची. हे कड काढायला बसले. मी रंग ढवळत होते, सहज बघितलं. 'जि. लातूर' लिहिलं होतं आणि ल ची शेपटी आत वळवून टोकाला थेंब.

"अहो, हा तुमचा ऑफिसातला ल हाय. कुणी ओळखील."

"ओळखू दे," हे म्हणाले.

वर बघितलं बी न्हाई. मी म्हटलं घाईत असतील. त्यानंतरच्या सगळ्या पाट्यांवर तोच ल. सगळा बाजार थेंबांनी भरला.

ओळखायचा त्यानं ओळखलाच. ईश्वरप्पा साहेब ह्यांचे वरचे. माणूस कडक, पण मनानं वाईट न्हाई, हे मी आज बी म्हणते. मन्मथशेठकडं पातेलं घ्यायला गेले आणि पाटी बघून जागेवर थांबले. दुसऱ्या दिवशी ह्यांना बोलावलं. ते बोलणं ह्यांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

"किशनराव, सिंधु आर्ट्स कोण?"

"माझी बायको, साहेब."

"पाट्या ती लिहिते?"

"हाव साहेब."

"आणि ल तुमच्यासारखा काढते?"

मंग साहेब म्हणाले, "असं करा, सोमवारी वहिनींना ऑफिसात आणा. आपल्याच ऑफिसच्या पाटीवर जिल्हा बदलायचाय. सगळ्यांसमोर लिहू द्या. लिहिलं तर कुणाचं तोंड उघडणार न्हाई, माझं बी न्हाई. न्हाई जमलं तर मला वर कळवावं लागेल. मंग नोकरी राहत न्हाई, हे तुम्हाला ठाऊक हाय."

सासूबाई चुलीपुढं होत्या, त्यांनी पिठाची काटवट बाजूला सारली आणि भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या एवढंच, "किशना, खुर्ची जाती का रं?"

मी म्हटलं, "मला शिकवा. अजून दिवस हायेत हातात." तर म्हणतात कसे, "असं शिकून येतंय व्हय? जमलं तसं लिही. न्हाई जमलं तर न्हाई जमलं." आणि चप्पल घालून बाहेर गेले. मला संताप आला. घरावर नांगर फिरायची वेळ आली आणि ह्यांच्या कपाळावर आठी न्हाई! उलट त्या चार दिवसांत ताटातलं सगळं संपवून राहिले. रात्री लगेच झोप.

मी म्हटलं, राहू दे. हे ऑफिसला गेले की मी शहाबादी फरशीवर पाण्यात बोट बुडवून अक्षरं काढायची. वाळली की पुन्हा काढायची. मंग डब्याच्या झाकणावर चुन्यानं. कड कशी असते ते मला कुणी शिकवलं न्हवतं, पण पोट भरून भरून कड कुठं असते ते बोटांना ठाऊक होतं. ल लई छळला. शेपटी वळायची, पण थेंब मोठा व्हायचा, न्हाईतर ओघळायचा. सासूबाई शेजारी बसून बघायच्या. वाचता येत न्हाई, तरी सांगायच्या, "न्हाई गं, किशनाचा असा नसतो, बारीक असतो." एकदाचा तसा उतरला तवा दोघी बी रडलो. ह्यांना काही सांगितलं न्हाई. म्हटलं उगाच जिवाला घोर कशाला.

सोमवारी ठेवणीतलं लुगडं नेसून ऑफिसात गेले. शिपाई व्यंकटी, त्यानं पाटी खाली उतरवून दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली होती. निळ्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खरडून तिथं निळा रंग दिलेला. सगळा स्टाफ गोळा. हे एका कपाटाला टेकून उभे. माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं भ्याले असतील. मी डोळ्यांनीच म्हटलं, थांबा जरा.

पदर खोचला. खडू लावलेली सुतळी ताणून व्यंकटीला एक टोक धरायला लावलं, फट्कन रेघ मारली. कुणीतरी "आयला!" म्हटलं. आधी शिरोरेघ. मंग जि. मंग ल ची जागा सोडून तू आणि र. साहेब म्हणाले, "ल राहिला की."

"तो शेवटी असतो आमचा," मी म्हटलं.

कुठून सुचलं देव जाणे. ब्रश बुडवला, कडेला निपटला, आणि दमानं ल काढला. शेपटी आत घेतली. टोकाला ब्रश टेकवला आणि उचलला. थेंब. बारीक, गोल, जागच्या जागी. कान्याची उभी रेघ मारली आणि मागं सरकले.

टाळ्याच वाजवल्या लोकांनी. ईश्वरप्पा साहेब वाकून त्या थेंबाकडं बघत होते. म्हणाले, "वा वहिनी! म्हणजे आमच्या किशनरावांनी हा ल तुमच्याकडून उचलला म्हणायचा." सगळे हसले. मंग ह्यांच्या पाठीवर थाप मारली, "सुटलात हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. असा ट्रेसर मला पुन्हा कुठं मिळणार? आता रिटायर होईपर्यंत सोडत न्हाई तुम्हाला."

मी ह्यांच्याकडं बघितलं. म्हटलं आता हसतील, नांदेडला हसले होते तसे. तोंड पांढरंफटक पडलेलं. "येतो साहेब," म्हणाले आणि मला घेऊन निघाले.

रस्त्यानं पुढं पुढं चालत होते. मी मागून पळत. "अहो, बोला की! जमलं ना?" डबे बनवणाऱ्याच्या दुकानापाशी थांबले, आत गेले आणि पोत्यात गुंडाळलेला एक मोठा पत्रा खांद्यावर घेऊन बाहेर आले. मी पोतं बाजूला केलं. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं. अशी अक्षरं की बाई नुसतं बघत राहावं. 'किशन पेंटर, लातूर.' आणि ल ला थेंब.

"हे काय?"

"लातूरला एक टपरी बघून ठेवली होती," हे म्हणाले. "नवा जिल्हा, नवीन ऑफिसं, नवीन दुकानं, कामच काम. साहेबानं काढून टाकलं असतं की दुसऱ्या दिवशी जाणार होतो."

"काढून टाकलं असतं म्हणजे? तुम्हाला... म्हणजे तो ल तुम्ही मुद्दाम...?"

"कुणीतरी ओळखावं म्हणून."

"आणि मला ऑफिसात नेलंत ते?"

"तुला येणार न्हाई म्हणून."

माझं टाळकंच सरकलं. भर बाजारात ओरडले, "चार माणसांत बायकोची फजिती करून सुटायचं होतं व्हय तुम्हाला? एवढंच जड झालं होतं तर नोकरी सोडतो म्हणून तोंडानं सांगायचं! मी काय आडवी पडले असते?"

"तू न्हाई," हे म्हणाले. "आईला कोण सांगणार? साहेबानं काढलं असतं तर आई साहेबाला शिव्या देऊन, रडून गप बसली असती. मी होऊन सोडली म्हटलं तर..." ह्यांनी खांद्यावरचा पत्रा सावरला. "तिनं हातोडा टाकला तो माझ्या अक्षरावर, सिंधु."

मला राग बी येत होता आणि ह्यांना पोटाशी धरावं असं बी वाटत होतं. रस्त्यात काय करणार? मी म्हटलं, "मंग आता सांगा. चला, मी हाय संगं. दोघं मिळून सांगू."

"हाव," म्हणाले. खरंच म्हणाले.

घरी आलो तर सासूबाई दारात उभ्या. हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्या. व्यंकटी सायकलवरून पुढं येऊन सांगून गेला होता. आम्हा दोघांना उंबऱ्याबाहेर थांबवलं, तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. ह्यांच्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली कडाकडा. "खुर्ची ऱ्हायली माझ्या लेकाची," म्हणाल्या. डोळ्यातलं पाणी थांबेना त्यांच्या. मंग ह्यांच्या खांद्यावर बघून म्हणाल्या, "ह्ये काय आणलंस रं?"

पोतं सरकलेलं होतं. लाल अक्षरं समोर. सासूबाईंनी अक्षरांवरून हात फिरवला. मी ह्यांच्याकडं बघितलं. म्हटलं, आता. बोला आता.

हे म्हणाले, "न्हाणीला दार आणलंय, आई."

"बरं केलंस बाबा," सासूबाई म्हणाल्या. "लई दिस पडदा लावून चाललं होतं."

त्याच दुपारी ह्यांनी बिजागऱ्या ठोकून ते दार बसवलं. रंगाची बाजू आत केली, बाहेरून कोरा पत्रा.

पुढं काय, ईश्वरप्पा साहेबांनी माझं नाव जळकोटापासून रेणापुरापर्यंत केलं. येईल त्याला ऑफिसची पाटी दाखवायचे. पाट्या येत राहिल्या आणि आता मलाच लिहाव्या लागल्या, कारण सगळ्यांची नजर माझ्या हातावर. रविवारी मी पत्र्यापुढं बसायची आणि हे ओट्यावरून सांगायचे, मात्रा वर घे, र चा पाय मोकळा सोड. ब्रश घ्या म्हटलं तर घ्यायचे न्हाईत. नकाशावर बी साधा ल काढायला लागले. साहेबानं इचारलं तर म्हणाले, "तो बायकोचा हाय."

सासूबाई लेकाच्या खुर्चीचं कौतुक करत करत समाधानानं गेल्या. त्या गेल्यावर मी म्हटलं, आता सोडा, जाऊ लातूरला. तर म्हणाले, "आता कुठं." ट्रेसर म्हणूनच रिटायर झाले. ऑफिसनं शाल दिली, नारळ दिला.

न्हाणीचं दार तेच हाय. खालून गंजलंय, पण अक्षरं शाबूत. मी रोज आंघोळीला बसले की वाचते. आणि हे आता म्हातारे झाले, पाठ चोळायला मला हाक मारतात. आत जाते तवा बघते, दाराकडं पाठ करून बसलेले असतात.